अंगठा चार दिवसांत बरा झाला, पण आजार गेला नाई : गाऊटवाल्यांसाठी धागा

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. लय दिवसांपासून लिहीन लिहीन करत होतो, आज तीन दिवसांची झड लागून आहे, वावरात पाय टाकता येत नाई, म्हणून बसलो. मी दारव्हा भागातला कास्तकार, वय ४४. मागच्या वर्षभरात आमच्या गावातले तीन जण मी मागं लागून तपासाले धाडले अन तिघांलेही तेच निघालं जे मले होतं, गाऊट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड सांध्यात साचून होणारं दुखणं. मले कळायले ५ वर्षं लागली, तुमची तरी वाचावी एवढीच इच्छा आहे.

२०१८ चा पोळा. दुसऱ्या दिवशी कर, घरी मटण, कलेजी वेगळी भाजलेली, संध्याकाळी मित्रासंगं दोन बियर. रात्री अडीचच्या सुमाराले जाग आली ती उजव्या पायाच्या अंगठ्यानं. मले वाटलं इच्चू चावला. लाईट लावला, गोधडी झटकली, खाटेखाली टॉर्च मारला, काहीच नाई. अंगठ्याच्या बुडाचा सांधा लाल झालेला, कातडी वांग्यासारखी ताणून चमकत होती, हात लावला तं चटका बसे. बायकोनं पायावर पातळ दुपट्टा टाकला तं मी ओरडलो, त्या कपड्याचं वजन सहन होत नव्हतं. सकाऊन माय अंगणात सडा टाकत होती, तिची बादली खाटेच्या खुऱ्याले लागली, जोरात नाई, नुसती टेकली, अन माझ्या डोयात पाणी आलं.

गावाजवळच्या डॉक्टरनं लचक म्हटलं, कमरेत इंजेक्शन दिलं, पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी मी बैलं घेऊन वावरात. विसरून गेलो. आठ महिने काहीच नाई. मंग पुन्हा तोच अंगठा, पुन्हा इंजेक्शन. मंग वर्षातून दोनदा, मंग चारदा, मंग घोटा, २०२२ मधे गुडघा, तवा सोयाबीन काढणीले होतं अन मी खाटेवर. दरवेळी इंजेक्शन अन दरवेळी चार दिवसांत बरा. यातच फसलो मी. दुखणं जाते म्हणून आपल्याले वाटते आजार गेला.

मधातच कोणी सांगतलं की डाळ बंद कर, पालक बंद, टमाटर बंद. दीड वर्ष मी तुरीचं वरण खाल्लं नाई, घरी तुरीचे पोते भरून अन मी नुसता भात अन आलूची भाजी खात होतो. अंगात दम राह्यला नाई, अटॅक मात्र येतच राह्यले.

२०२३ मधे यवतमाळले फिजिशियनकडे गेलो. युरिक ॲसिड ९.४ निघालं. त्या डॉक्टरनं पंधरा मिनिटं बसवून समजावलं अन मले जे समजलं ते माझ्या भाषेत सांगतो. आपल्या अंगात पेशी जुन्या होऊन मोडतात, खाण्यातूनही काही येते, त्या मोडतोडीतून प्युरीन निघते अन त्याचं युरिक ॲसिड होते. ते लघवीवाटे किडनी बाहेर काढते. ज्याची किडनी ते कमी काढते त्याच्या रक्तात ते साचत जाते, बहुतेकांले हेच असते, जास्त खाल्ल्यानं झालेलं कमी. रक्तात ६.८ च्या वर गेलं की ते विरघळून राहत नाई, सुईसारखे बारीक खडे होऊन सांध्यात बसते. आपल्या ठिबकच्या नळ्या पाहा ना, पाण्यात क्षार जास्त असले की ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं साचते, तसंच. एका दिवसात साचत नाई अन एका दिवसात निघतही नाई. पायाचा अंगठा अंगातला थंड भाग, म्हणून तिथं पयले बसते. एक दिवस त्या खड्यांवर अंगातलीच फौज तुटून पडते, तो आपला अटॅक. फौज थकली की सूज उतरते, पण खडे तिथंच. इंजेक्शननं फौज शांत होते, खडा नाई निघत.

खडा काढायचा तं रक्तातलं युरिक ॲसिड ६ च्या खाली आणून तिथंच ठेवावं लागते, महिनोन् महिने. मंग जुने खडे हळूहळू विरघळतात. मले त्यासाठी रोजची ॲलोप्युरिनॉल चालू केली, आधी १०० ची, मंग रिपोर्ट पाहून वाढवत ३०० वर आणली. आता माझं ५.२ आहे अन शेवटचा अटॅक येऊन सव्वा वर्ष झालं. वरण-भात रोज खातो.

ज्याले कोणाले असं होते त्यानं इथं लिहा. मी डॉक्टर नाई, पण जे भोगलं ते सांगू शकतो.

संत्रा बागाईत

भाऊ, तुमचं वाचून घाबरलोच. मी मोर्शीकडचा. मागच्या महिन्यात शिबिरात रक्त तपासलं त्यात युरिक ॲसिड ७.६ आलं, खाली लाल अक्षरात. दुखत काहीच नाही, सूज नाही, कधी नव्हती. शेजारचे म्हणतात आताच गोळी चालू कर नाहीतर पाय जाईल. आणि दुसरं, आमच्या घरी बाग आहे, सीझनला दिवसाला आठ-दहा संत्री सहज होतात, ती बंद करायची का?

मेडिकलवाला

संत्रा बागाईत दादा, मी औषध दुकान चालवतो, १८ वर्षं झाली. रिपोर्टमधला आकडा वाढला म्हणजे गाऊट झाला असं नसते. आकडा वाढलेल्या बऱ्याच लोकांना आयुष्यात कधीच अटॅक येत नाही. दुखणं नाही, मुतखडा नाही, किडनी ठीक आहे, तर नुसत्या आकड्यासाठी सहसा गोळी देत नाहीत. पण बीपी, शुगर, वजन तपासून घ्या, कारण हे सगळे एकाच घरचे पाहुणे आहेत, एक आला की बाकीचे दारात असतात.

संत्र्याचं म्हणाल तर रस न काढता, सोलून फोडी करून दोन-तीन खा, काही होत नाही. रस काढून साखर टाकून ग्लासच्या ग्लास पिऊ नका. फळातली फ्रुक्टोज नावाची साखर अंगात गेली की तिच्यामुळे युरिक ॲसिड तयार होते, रसात ती एकदम जाते. उसाचा रस, कोल्ड्रिंक, पाकिटातले ज्यूस, सगळ्यांना हेच लागू. उन्हाळ्यात आमच्या स्टँडवर माणसं रसवंतीवर तीन-तीन ग्लास पितात आणि चौथ्या दिवशी लंगडत माझ्याकडे येतात, मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आईची मोठी

दादा, मी हिंगणघाटजवळच्या गावातून. माझ्या आईला ६२ वर्षं, बीपी १० वर्षांपासून, शुगर आता आता. तिला दोन महिन्यात दोनदा अंगठा सुजला, तुम्ही लिहिलं तसाच, रात्री. मला तर माहीतच नव्हतं बायांना पण हे होतं, सगळे म्हणतात पिणाऱ्या माणसांचा आजार आहे, त्यामुळे आई कोणाला सांगायलाच तयार नाही, लाज वाटते म्हणते. तिने आयुष्यात मटण पण खाल्लं नाही, माळकरी आहे. आता तिने डाळ, अंबाडी, वांगं, टमाटर, दही सगळं सोडलं, दूध-पोळी खाते आणि दिवसेंदिवस बारीक होऊन राहिली. काय करू?

मेडिकलवाला

ताई, आईला सांगा लाजायचं यात काहीच नाही. पाळी चालू असते तोवर बाईचं शरीर युरिक ॲसिड बऱ्यापैकी बाहेर काढते, पाळी गेल्यावर ते संरक्षण संपते, म्हणून साठीच्या बायांना होते.

आता बीपीच्या गोळीचं नाव पाहा. पत्ता उलटा करून मागचं वाचा. हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असं काही लिहिलं असेल, किंवा नावाच्या शेवटी एच असेल, तर त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. त्याने युरिक ॲसिड वाढते. गोळी तुम्ही स्वतः बंद करू नका, बीपी वाढून पॅरालिसिस व्हायचा. पत्ता घेऊन डॉक्टरकडे जा आणि विचारा की बदलून मिळेल का. लोसार्टन नावाची बीपीची गोळी आहे, ती उलट युरिक ॲसिड थोडं कमी करते, पण तुमच्या आईला कोणती चालेल हे डॉक्टरच ठरवणार.

आणि डाळीचं भूत आता उतरवा. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांचं खाणं-पिणं १२ वर्षं नोंदवलं होतं, २००४ मध्ये त्याचा निकाल छापून आला. मटण-मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, डाळी-पालक-फुलकोबी खाणाऱ्यांना वाढला नाही, आणि दूध-दही घेणाऱ्यांना उलट कमी झाला. वनस्पतीतलं प्युरीन आणि मटणातलं प्युरीन अंगात सारखं वागत नाही. माळकरी बाईची डाळ काढली तर ती खाणार काय? वरण द्या, ताक द्या, अंबाडी द्या.

कपाशीवाला

मेडिकलवाले भाऊ बरोबर बोलले. माझ्या डॉक्टरनं सांगतलं होतं की खाणं कितीही सांभाळलं तरी आकडा एखाद्या अंकानंच खाली येते. माझं ९.४ होतं, म्हणजे उपाशी राहूनही मी ६ च्या खाली आलो नसतो. हे कोणी आधी सांगतलं असतं तं दीड वर्ष मी सोताले दोष देत बसलो नसतो.

जंगलकाठी

जोहार. मी गडचिरोली जिल्ह्यातून. माझा लहान भाऊ १९ वर्षांचा, हातपाय लय दुखतात, अधेमधे सुजतात, ताप पण येते. एका जागी सांगितलं युरिक ॲसिड आहे. धागा वाचून वाटलं हेच असन. इकडे एक जण एका जंगली मुळीचा लेप पण लावतो आणि थोडी पोटात पण देतो. देऊ का?

पीएचसी सिस्टर

दादा, थांबा. मुळी पोटात देऊ नका. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, म्हणून हात जोडून सांगते. पावसाळ्यात कुंपणाला वेल चढतो, लाल-पिवळी ज्वाळेसारखी फुलं येतात, पानाचं टोक सुतासारखं वळलेलं असतं, ती कळलावी. तिच्या कंदात कोल्चिसिन असतं. गाऊटच्या अटॅकमध्ये कोल्चिसिनचीच गोळी देतात, पण ती अर्ध्या मिलिग्रॅमची, मोजलेली. कंदात किती आहे हे कोणाला मोजता येत नाही, आणि जास्त झालं की उलट्या, जुलाब, मग किडनी, रक्त, सगळंच जातं. त्यावर हमखास उतारा नाही. तुमच्याकडची मुळी तीच आहे असं मी म्हणत नाही, पण नाव माहीत नसलेली कोणतीही मुळी सांधेदुखीसाठी पोटात नको.

दुसरं, १९ वर्षांच्या मुलाला गाऊट होणं फारच कमी. आपल्या विदर्भात, त्यातही गडचिरोली-चंद्रपूरकडे, सिकलसेल आहे, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. त्यात हातपाय असेच दुखतात, ताप येतो, आणि युरिक ॲसिडही वाढलेलं दिसू शकतं कारण रक्तपेशी लवकर मोडतात. भावाची सिकलसेलची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात होते. पांढरे डोळे पिवळे दिसतात का ते पण पाहा. उशीर करू नका.

जंगलकाठी

ताई, डोळे पिवळे दिसतात थोडे. उद्याच घेऊन जातो.

बुढ्याचा नातू

माझा आजा ७१ वर्षांचा आहे, त्याची गोष्ट सांगतो. १५ वर्षांपासून वात आहे म्हणून सगळे म्हणत. आठवडी बाजारात एक माणूस बसे, त्याच्याजवळून आजा पुड्या घे. नाव नाही, गाव नाही, कागदाच्या पुडीत भुरकट पावडर. घेतली की दुसऱ्या दिवशी बुढा पयत होता, खोटं नाही सांगत. सगळ्या गावाने त्याचं पाहून पुड्या घेतल्या. मग आजाचं तोंड फुगलं, गोल झालं, पोट वाढलं, हातापायाच्या काड्या झाल्या, कातडीवर जरा घासलं की निळं व्हायचं, शुगर ३४० निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी पावडर पाहून म्हटलं की अशा पुड्यांत बहुतेक स्टेरॉईड असतं. एकदम बंद करायचं नाही म्हणून हळूहळू कमी करत बंद केलं.

आणि आजाच्या कोपराजवळ लिंबाएवढी गाठ होती, कानाच्या पाळीवर पण तांदळासारखे दाणे. आम्ही चरबीची समजत होतो. एक दिवस कोपर भिंतीला घासून फुटली आणि आतून ओला खडू निघाला. पू नाही, रक्त नाही, पांढरा ओला खडू, शाळेतल्या फळ्यावरचा असतो तसा, आजीने कपड्याने पुसला तर कपड्यावर रांगोळी सांडल्यासारखा दिसत होता. डॉक्टर म्हणाले हाच तो युरिक ॲसिडचा साठा, १५ वर्षांचा. आता युरिक ॲसिड १०.१ आहे, क्रिएटिनीन (किडनी किती काम करते त्याची तपासणी) १.९, म्हणजे किडनी कमजोर. माझा प्रश्न हा की एवढ्या वर्षांनंतर गोळी चालू करून काही फायदा आहे का, का आता जे झालं ते झालं?

कपाशीवाला

भाऊ, फायदा आहे. गाठीही विरघळतात, पण वर्षं लागतात, माझ्यापेक्षा त्यायले जास्त लागतीन. ज्याच्या गाठी आहेत त्याचा आकडा डॉक्टर ५ च्याही खाली नेऊन पाहतात. किडनी कमजोर आहे तं डोस एकदम बारीक ठेवून चालू करतात अन सावकाश वाढवतात.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो कारण इथंच मी गोळी सोडणार होतो. गोळी चालू केल्यावर दुसऱ्या महिन्यात मले पयल्यापेक्षा जोराचा अटॅक आला. मी म्हटलं हे औषध नाई, इख आहे, अन पत्ता फेकला. बायकोनं उचलून ठेवला अन डॉक्टरले फोन लावला. त्यायनं सांगतलं की हे व्हतेच, खडे विरघळायले लागले की हलतात अन फौज पुन्हा जागी होते, याचा अर्थ औषध लागू पडून राह्यलं. म्हणूनच सुरुवातीचे ३ ते ६ महिने सोबत कोल्चिसिनची बारीक गोळी देतात, मी ती मधातच बंद केली होती. अटॅक आला तरी रोजची गोळी बंद करायची नाई. तुमच्या आजाची किडनी पाहून कोल्चिसिन किती द्यायची ते डॉक्टर सांगतीन, आपल्या मनानं नाई.

मेडिकलवाला

नातू भाऊ, दोन गोष्टी. ॲलोप्युरिनॉल चालू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यात अंगावर पुरळ आलं, खाज सुटली, तोंडात फोड आले, ताप आला, तर गोळी त्याच दिवशी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना. क्वचित होते, पण झालं तर जीवावरचं असते. बाकी हे काही नवीन प्रयोगाचं औषध नाही, १९६६ पासून गाऊटसाठी चालते, ज्यांनी शोधलं त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चं नोबेल मिळालं. जेनेरिक घ्या, तेच आहे.

दुसरी गोष्ट, आजाला दुखलं म्हणून दुकानातून डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी नेऊ नका. क्रिएटिनीन १.९ वर ती गोळी किडनीला मारते. मी स्वतः दुकानदार असून सांगतो, माझ्याकडे कोणी लाल सुजलेला पाय घेऊन दुखण्याची गोळी मागतो तेव्हा मी आधी बीपी, शुगर, किडनी विचारतो.

आयुर्वेद मानतो

कोणी आयुर्वेदाचं नाव काढलं नाही म्हणून लिहितो. चरकसंहितेत चिकित्सास्थानात वातरक्त या नावाने स्वतंत्र अध्याय आहे, म्हणजे आपल्या लोकांना हा आजार फार आधीपासून ठाऊक होता. आमच्या घरी निंबावर चढलेली गुळवेल आहे, तिचा काढा मी घेतो, मला बरं वाटतं. सगळं ॲलोपॅथीच बरोबर असं नको.

पीएचसी सिस्टर

दादा, तुमच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे, माझी आजी पण निर्गुडीचा लेप लावायची. माझं म्हणणं एवढंच की काढा घेता तर तीन महिन्यांनी युरिक ॲसिड तपासा. ६ च्या खाली आलं तर छानच, नाही आलं तर काढ्याने बरं वाटत असलं तरी खडे साचतच आहेत. वैद्य पदवी घेतलेला असू द्या, आणि गुळवेल महिनोन् महिने घेणाऱ्या काही लोकांच्या लिव्हरला सूज आल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं आहे, म्हणून मधून लिव्हरची तपासणीही करा.

आता अटॅक आला त्या दिवशी घरी काय करायचं ते कोणीच लिहिलं नाही. शेक देऊ नका, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक. विटकर तापवून, रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करून बांधतात, त्याने गाऊटचा सांधा आणखी पेटतो. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, काढा, पुन्हा ठेवा. फ्रिज नसेल तर माठातल्या पाण्याच्या घड्या. पाय उशीवर उंच, त्या सांध्यावर वजन नाही, मालिश नाही, पाय ओढून मोकळा करणाऱ्याकडे तर अजिबात नाही. औषध पहिल्या २४ तासात सुरू झालं तर लवकर उतरतं, म्हणून दोन दिवस वाट पाहू नका. आणि अटॅकमध्ये रक्त तपासलं तर युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं! कित्येक जणांना त्यावरून गाऊट नाही म्हणून परत पाठवतात. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

एकच सांधा गरम, लाल आणि सोबत थंडी वाजून ताप, त्यातून शुगरचा पेशंट, तर तो सांध्यात पू झालेला असू शकतो, तेव्हा रात्र असली तरी निघा. आणि पावसाळ्यात चिकनगुन्याने पण सांधे धरतात, पण तो दोन्ही बाजूंचे, हाताचे मनगटाचे, बरेच सांधे एकदम धरतो, गाऊट बहुधा एकच धरतो आणि रात्रीतून धरतो.

नवरात्रवाली

ताई, माझे मिस्टर नवरात्रात नऊ दिवस फक्त पाण्यावर असतात, १४ वर्षांचा नेम आहे. मागचे दोन्ही नवरात्र सातव्या माळेला त्यांचा अंगठा सुजला. देवीचा कोप म्हणून आम्ही नारळ फोडला. तुमचं वाचून वाटतं याचा उपवासाशी संबंध असेल का? गाऊट आहे हे डॉक्टरांनी सांगितलंय.

पीएचसी सिस्टर

आहे ताई. पूर्ण उपाशी राहिलं की शरीर चरबी जाळतं, त्यातून जे निघतं ते किडनीत युरिक ॲसिडची वाट अडवतं, आणि युरिक ॲसिड तीन-चार दिवसांत चढतं. देवीला नेम मोडल्याचा राग येणार नाही, मी स्वतः नऊ दिवस धरते. भगर, राजगिरा, दूध, ताक, फळ असं दिवसातून तीनदा घ्यायला सांगा, पाणी भरपूर, आणि रोजची गोळी चुकवायची नाही. वजन कमी करायचं म्हणून एकदम जेवण सोडणाऱ्यांना पण हेच होतं. वजन महिन्याला एक-दोन किलो असं सावकाश उतरू द्या.

फवारणीवाला पोरगा

कपाशीवाले काका, तुम्ही दिवसभर काय काय करता ते सांगा ना. मले पण ३१ व्या वर्षी लागलं आहे. बियर सोडली, आता कधीमधी देशी घेतो, देशीत तं प्युरीन नसते म्हणतात.

कपाशीवाला

पोरा, देशीत प्युरीन नसन पण दारू आहे ना. दारू सोता युरिक ॲसिड वाढवते अन किडनीले ते बाहेर टाकू देत नाई, बियरमधे वरून प्युरीनही असते म्हणून ती जास्त वाईट, एवढाच फरक. मोहाची असो का बाटलीतली, तुह्या वयात लागलं आहे तं सोड, मी हात धरून सांगतो. मी २०२३ च्या दिवाळीपासून सोडली, पयले तीन महिने कठीण गेले, मित्र नाराज झाले, आता तेच माह्यासाठी ताकाचा ग्लास आणतात.

दिवस म्हणशीन तं उठल्याबरोबर तांब्याभर पाणी. वावरात जातानी दोन लिटरची कॅन, ओली गोणपाट गुंडाळलेली, ती दुपारच्या जेवणापर्यंत रिकामी करायची हा माझा नेम. आपल्या इकडे एप्रिल-मे मधे ४५-४६ डिग्रीत माणूस घामानं सुकते, लघवी पिवळीधम्मक होते, तवाच माझे जास्त अटॅक आले होते, पण मी मटणालेच दोष देत होतो. आता लघवीचा रंग पाहतो, गर्द दिसला की पाणी. ज्याचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्यानं मात्र पाणी किती प्यायचं ते डॉक्टरले विचारा, तुह्यासाठी ही अट नाई. दुपारी भाकर, वरण, भाजी, ताक. चहा दोनदा, साखर अर्धी. मटण महिन्यातून एकदा, चार फोडी, रस्सा थोडा, कलेजी-वजडी-पाये नाई. सुकट अन झिंगे बंद केले, अंडी खातो. वजन ९१ होतं, दीड वर्षात ८२ झालं, त्यासाठी वेगळं काई केलं नाई, रात्रीचा भात निम्मा केला अन ट्रॅक्टरवरून जायचो ते वावर आता पायी जातो.

गोळी रात्री जेवण झाल्यावर, मायच्या देव्हाऱ्याजवळ ठेवतो. माय दिवा लावते, मी गोळी घेतो, चुकत नाई. अन फवारणीले जातानी बूट घालत जा, माह्या दोन अटॅकच्या आदल्या दिवशी अंगठ्याले ढेकूळ लागलं होतं, मार लागला की तिथलेच खडे जागे होतात.

संत्रा बागाईत

बीपी तपासलं, १४८/९४. कधी पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांनी महिनाभर मीठ कमी करून पुन्हा बोलावलं, युरिक ॲसिडला गोळी नको म्हणाले. मेडिकलवाले भाऊ, धन्यवाद.

फवारणीवाला पोरगा

काका, ही गोळी किती वर्षं? लग्न ठरून राह्यलं आहे, पोरीकडचे इचारतीन.

कपाशीवाला

बेटा, बहुतेकांले कायमची. बंद केली की काही महिन्यांत आकडा पुन्हा चढते, खडे पुन्हा बसतात, दुखणं मात्र वर्षभरानंतर येते म्हणून माणूस फसते. मी मधात सोडून पाह्यली नाई अन पाहणारही नाई. पोरीकडच्यायले स्पष्ट सांग. चष्मा लागला आहे असं सांगतो ना आपण, तसं. पोरगी शिकलेली असन तं तिले हा धागाच दाखव.

जंगलकाठी

सिस्टर ताई, भावाचा सिकलसेल निघाला. दोन्हीकडचा आहे म्हणतात, म्हणजे आजारवाला. गोळ्या चालू केल्या, कार्ड बनवून दिलं. तुम्ही बोलल्या नसत्या तर मी मुळी देत होतो त्याले. आता घरातल्या बाकीच्यांची पण तपासणी करायची आहे, पुढच्या बुधवारी सगळे जातो.

आईची मोठी

आईच्या बीपीच्या गोळीत तेच निघालं, शेवटी एच होता. डॉक्टरांनी बदलली. युरिक ॲसिड ८.८ होतं, १०० ची चालू केली, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त. काल मी तिच्यासाठी गोळाभात केला आणि सोबत चिंचेचं सार. ती ताटाकडे पाहत बसली होती, मग म्हणाली, खरंच खाऊ का. दोनदा घेतला.

बुढ्याचा नातू

आजाचं अपडेट. चार महिने झाले, १०.१ वरून ७.१ आलं, डोस पुन्हा थोडा वाढवला. मधात एक अटॅक आला, पण कपाशीवाल्या काकांनी सांगून ठेवलं होतं म्हणून घाबरलो नाही, गोळी बंद केली नाही, बर्फ लावला. शुगर १८० च्या आसपास आहे. कोपराची गाठ अजून आहे, पण आजी रोज दाबून पाहते आणि म्हणते पहिले गारगोटीसारखी लागे, आता भिजवलेल्या चण्यासारखी लागते. पुढची तपासणी दिवाळीच्या नंतर आहे, रिपोर्ट आला की इथं टाकतो.